फक्त एकदाच नेसलेली

वराळ्यातल्या नव्या सोसायट्यांच्या फाटकांवर एक पाटी हमखास असते : ‘फेरीवाले, भंगारवाले व भांडीवाल्या बायकांना आत येण्यास सक्त मनाई.’ पाटीखाली वॉचमन बसतो. त्याच्या वहीत सह्या करून दिवसभर पार्सलवाली मुलं आत-बाहेर करत असतात आणि त्यांच्या पाठीवरच्या पोत्यांत जुने कपडे असतात. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण उन्हात उभी आणि तिचा धंदा लिफ्टने सातव्या मजल्यावर! तालुका मावळ असला म्हणून काय झालं, प्रगती सगळीकडे सारखीच होते.

माणसं जुने कपडे फोनवरून का विकतात, असं कुणालाही विचारा. पहिलं उत्तर पर्यावरण. पृथ्वीवर कपड्यांचे डोंगर साचलेत, त्यातला आपला खडा आपण उचलायचा. उदात्त विचार आहे. आता त्याची अंमलबजावणी पाहू. ए विंगमधल्या वहिनींनी साडी विकायला काढली, ती सी विंगमधल्या वहिनींनी घेतली. दोघींच्या मधे फक्त पार्किंग. पण साडी आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग बबलरॅपमध्ये, मग खोक्यात आणि खोक्यावर पुन्हा चिकटपट्टी, अशी सजून तळेगावला जाते. तिथून पुण्याला, पुण्याहून भिवंडीच्या गोदामात. भिवंडी यंत्रमागांचं गाव, तेव्हा तेवढं माहेरपण तिला मिळतं. मग त्याच रस्त्याने ती त्याच पार्किंगमध्ये परत येते. वसुंधरेसाठी एवढं डिझेल जाळायलाच हवं.

दुसरं उत्तर पैशाचं. नणंदेच्या हळदीसाठी तीन हजारांचा ड्रेस घेतला, हळद लागली, ड्रेस कपाटात गेला. फोनवर किंमत टाकली बाराशे. लगेच विचारणा : ‘लास्ट किती?’ नऊशे. ‘ताई, सहाशेत द्या ना, कॉलेजला आहे.’ मग दोन दिवस शांतता. मग एक अनोळखी दादा : ‘हा तुम्ही घातलेला फोटो आहे का?’ त्यांना ब्लॉक करण्यात एक संध्याकाळ गेली. शेवटी साडेतीनशेला सौदा पटला, त्यात खोकं आणि चिकटपट्टी आपली. मावळातला पावसाळा असेल तर आणखी एक खर्च. जून ते सप्टेंबर इथल्या कपाटांत बुरशीसुद्धा सहकुटुंब राहायला येते. कुबट वास घालवायला ड्रेस आधी ड्रायक्लीनला द्यावा लागतो. हिशेब मांडला की कळतं, पैशासाठी हे कुणी करत नसावं.

पूर्वी एकदा तर माणसांनी किंमत न मागता कपडे सोडले होते. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. सावरकर होते, टिळक होते, लोकांनी घरातलं चांगलं कापड आणून आगीत टाकलं. ती होळी आज ठरली असती, तर आदल्या रात्रीच जाहिराती झळकल्या असत्या : ‘मँचेस्टरचं अस्सल धोतर. फक्त एकदाच नेसलेलं. होळीपूर्वी द्यायचं आहे. भाव पक्का, देशभक्तांना सवलत.’

मग खरं कारण काय? खरं कारण आहे आत्या.

जुन्या घरात कपडा कधी मरत नसे. थोरलीचा फ्रॉक धाकटीला, धाकटीचा मामेबहिणीला. आजीचं सुती लुगडं मऊ झालं की त्याची बाळासाठी दुपटी, उरलेल्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं आणि शेवटची चिंधी चुलीजवळच्या मसोत्याच्या नोकरीत. एवढा चोख कारभार कुठल्याही कंपनीला जमलेला नाही. दोष एकच होता : प्रत्येक मुक्कामाला कपड्याबरोबर देणाऱ्याचं नावही यायचं. तुम्ही यात्रेला नटून गेलात की ऐन गर्दीत आत्या म्हणणार, ‘ही आमच्या सुमीचीच ना गं? काठ बघूनच ओळखली मी.’ झालं! साडी फुकट मिळाली, पण तिचे हप्ते आयुष्यभर. सुमीच्या मुलाच्या बारशाला जा, तिच्या वास्तुशांतीला पोळ्या लाटा आणि दर दिवाळीला ‘अजून नेसतेस ना?’ याला मान डोलवा.

फोनवर यातलं काही नाही. पाठवणारी कोण, माहीत नाही. घेणारी कोण, विचारायचं नाही. ओळखीच्यांचं फुकट नको, अनोळखीचं विकत हवं, अशी ही नवी रीत आहे. देणारीलाही सोपं जातं. जावेला साडी दिली असती तर ‘हिला नकोशी झाली म्हणून मला’ असं वर्षभर ऐकावं लागलं असतं. आता तीच साडी साडेतीनशेला नागपूरला गेली आणि जाऊबाई घरातच राहिल्या. दोन्ही बाजूंनी सुख. आपण कुरिअरचे पैसे कपड्यासाठी भरत नाही, आत्याचं तोंड बंद ठेवण्यासाठी भरतो. त्या मानाने साठ-सत्तर रुपये स्वस्तच.

त्यातून आता कपडा अंगावर जुना होत नाही, फोटोत होतो. स्टेटसला साडी दिसली, चाळीस जणींनी बदाम टाकला, संपली तिची कारकीर्द. पुढच्या लग्नात तीच नेसली तर चाळीसही जणींना आठवणार. म्हणून ‘फक्त एकदाच नेसलेली’ हे जाहिरातीतलं वाक्य शंभर टक्के खरं असतं.

गावातली अभियांत्रिकीची मुलं त्या मानाने सरळ. ड्राफ्टर, प्रयोगशाळेचा एप्रन, वर्कशॉपचा ड्रेस सिनियरकडून ज्युनियरकडे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून जातो. पृथ्वी वाचवल्याचा दावा कुणी करत नाही. प्लेसमेंटच्या मुलाखतीचा ब्लेझर तर एकाच दिवशी तीन पोरांच्या अंगावरून फिरतो. पहिल्याला नोकरी लागली की दुसऱ्यासाठी त्याचं भाडं वाढतं.

या धंद्यात परदेशी मंडळीही उतरली. लिथुआनियातल्या एका तरुणीला घर बदलताना कपडे डोईजड झाले, त्यातून २००८ साली विंटेड निघालं आणि युरोपभर पसरलं. अमेरिकेचं पॉशमार्क २०२१ मध्ये भारतात आलं आणि २०२३ मध्ये गाशा गुंडाळून परत गेलं. बोहारीण मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथंच आहे. तिचं भांडवल डोक्यावरच्या पाटीतली पातेली. ती साडी उन्हासमोर धरायची आणि एका नजरेत विरलेली जागा दाखवायची. तिथे कुठला फिल्टर चालत नसे. जरीला भाव जास्त, पँटला बरा, बनियनकडे ती बघायचीसुद्धा नाही. ‘ताई, एवढ्यात परात बसत नाही, अजून एक साडी टाका,’ म्हणून ती हटून बसायची. तासाभराच्या घासाघिशीनंतर दोघीही आपण ठकवलं असं समजून उठायच्या. इतकं समाधान कुठल्याही पंचतारांकित रेटिंगमध्ये नाही.

बोहारीण आणि ॲप यांच्या धंद्यात फरक एवढाच. ॲपवर साडेतीनशे रुपये मिळतात ते हातात येत नाहीत, ‘वॉलेट’मध्ये बसतात. पाठोपाठ निरोप : ‘अभिनंदन! तुमच्या शिलकीवर आज रात्री बारापर्यंत नव्या खरेदीवर वीस टक्के सूट.’ साडेतीनशेत तर काही येत नाही, म्हणून वर अठराशे घालून नवा ड्रेस मागवला जातो. मोकळा झालेला हँगर दोन दिवसांत पुन्हा भरतो. बोहारणीकडे साडी गेली की तिचं पातेलं होऊन परत यायचं. ॲपकडे गेलेली साडी नवी साडी होऊनच येते, आणि तीही एकदाच नेसायची असते.