जिवा महाला, सकाळी सव्वानऊ

मराठी माणूस मराठी सिनेमा पाहत नाही, असं दर सहा महिन्यांनी कुणीतरी निर्माता डोळ्यांत पाणी आणून सांगतो. हा कलंक धुऊन काढायला भोरजवळच्या आंबवड्याच्या एखाद्या कुटुंबाने महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त धरला असता तर काय झालं असतं, याचा हिशेब मांडून पाहू. दिवस घेऊ 1 मे 2022. रविवार होता, म्हणजे शाळा-कचेरीची सबब बाद. 'शेर शिवराज' दुसऱ्या आठवड्यात. 'चंद्रमुखी' दोनच दिवसांपूर्वी आलेली. त्याच शुक्रवारी 'रनवे 34' आणि 'हीरोपंती 2' उतरलेले, आणि या सगळ्यांच्या उरावर तिसऱ्या आठवड्यातही ठाण मांडून 'केजीएफ 2'. ऐन महाराष्ट्र दिनी कर्नाटकातली सोन्याची खाण आपल्या पडद्यांवर जोरात खणली जात होती. सीमाप्रश्नाचा हा कोपरा अजून कुणी कोर्टात नेलेला नाही.

आंबवडंच का, तर 'शेर शिवराज' हा अफझलखानाच्या वधाचा सिनेमा, आणि कान्होजी जेधे व जिवा महाला या दोघांच्या समाध्या आंबवड्यात. खानाला सामील व्हा असं आदिलशाही फर्मान आलं, तेव्हा कान्होजी मुलांना घेऊन शिवाजीराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडून मोकळे झाले. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाचा माणूस सय्यद बंडा राजांवर धावला, तेव्हा जिवाने त्याला आडवा केला. दोघांनीही ही कामं स्लो मोशनमध्ये केली नव्हती, एवढाच काय तो इतिहासात आणि सिनेमात फरक. तर गावातल्याच माणसांना भेटायला गावकऱ्यांनी साठेक किलोमीटरवरच्या पुण्याला जायचं आणि वर तिकीट काढायचं.

जायचं कसं? जीपमध्ये दाटीवाटीने भोर, भोरहून स्वारगेटची एसटी, कापूरहोळला महामार्ग, खेड शिवापूरचा टोलनाका, कात्रजचा बोगदा. विजापूरहून निघालेला खानाचा लवाजमा याहून सुखात आला असावा. टोलनाक्यावर समोरून पुणेकरांच्या गाड्या आलेल्या दिसतात. ते आंबवड्याच्या झुलत्या पुलावर रील काढायला आणि नागेश्वराला हात जोडायला निघालेले असतात. समाध्यांपाशी ते दोन मिनिटं थांबतात, कारण पुढे जेवण सांगितलेलं असतं. जिवा महाला पाहायला आपण त्यांच्या शहरात आणि ते आपल्या गावात, अशी ही अदलाबदल दर रविवारी शिस्तीत पार पडते.

आता वेळापत्रक. दुसऱ्या आठवड्यातल्या मराठी सिनेमाच्या नशिबी सकाळी सव्वानऊ नाहीतर रात्री पावणेअकरा. सव्वानऊ गाठायचं तर आंबवड्यातून पहाटे निघायला हवं, आणि पावणेअकराचा पाहायचा तर परतीचा विचार दुसऱ्या दिवशी करायचा. या प्रश्नावर सरकार गप्प बसलं, असं मात्र म्हणता येणार नाही. एप्रिल 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना फर्मावलं, की संध्याकाळी सहा ते नऊच्या प्राइम टाइमला मराठी सिनेमा लावा. त्यावर लेखिका शोभा डे यांनी 'पॉपकॉर्नऐवजी आता वडापाव-मिसळ' अशी टिंगल केली, शिवसैनिक वडापाव आणि मिसळ घेऊन त्यांच्या घरावर धडकले, आणि मराठी अस्मिता दोन दिवस पोटभर जेवली. तोवर मल्टिप्लेक्सवाल्यांशी चर्चा होऊन प्राइम टाइम ताणला गेला, तो दुपारी बारा ते रात्री नऊ. भर उन्हात, सगळा महाराष्ट्र कामावर असताना, घड्याळात बारा वाजले की प्राइम टाइम सुरू! घड्याळाला इतकं लवचिक बनवणारं दुसरं खातं मला ठाऊक नाही.

चला, धरून चालू की कुटुंबाने सव्वानऊचा 'शेर शिवराज' गाठला, दुपारची 'चंद्रमुखी' पाहिली आणि धाकट्याच्या हट्टापायी संध्याकाळी 'केजीएफ 2'ही उरकला. तीन सिनेमे म्हणजे नुसत्या पडद्यासमोरच जवळपास आठ तास. घरून बांधून आणलेली भाकरी-चटणी दारावरच्या तपासणीत पकडली जाते. 2018 मध्ये मनसेने पॉपकॉर्नच्या भावावरून पुण्यात धिंगाणा घातला, मंत्र्यांनी सभागृहात बाहेरचे पदार्थ नेता येतील असं सांगितलं, आणि जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बाहेरचं खाणं अडवण्याचा हक्क थिएटरमालकाला आहे, फक्त पिण्याचं पाणी फुकट द्यावं. म्हणजे कान्होजींनी वतनावर सोडलं ते पाणी, आणि प्रेक्षकाच्या हक्काचं उरलं तेही पाणीच.

रात्री भोरच्या स्टँडवर उतरलं की पुढचे दहा-बारा किलोमीटर नागेश्वराच्या आणि कुणाच्या तरी दुचाकीच्या भरवशावर. चार माणसांची तिकिटं, प्रवास आणि पॉपकॉर्नची एक बादली, यांची बेरीज केल्यावर कुटुंबप्रमुख पुढच्या वर्षभर मोबाइलवरच सिनेमा पाहतो, आणि मग निर्माता पुन्हा डोळ्यांत पाणी आणतो.

पूर्वी जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. पडद्याच्या मागे बसणाऱ्याला सगळे नायक डावखुरे दिसायचे, पण प्रेक्षक येत नाहीत अशी ओरड कुणी करत नव्हतं, कारण सिनेमाच प्रेक्षकाकडे यायचा. आता ऐतिहासिक सिनेमांची रांग लागली आहे. एकट्या दिग्पाल लांजेकरांनी 2018 च्या 'फर्जंद'पासून शिवकाळाची मालिकाच मांडली. त्याच 2022 च्या दिवाळीत आलेल्या 'हर हर महादेव'वरून तर ठाण्यात खेळ बंद पाडण्यापर्यंत मजल गेली. थिएटरबाहेरचा तो प्रयोग वाहिन्यांनी महाराष्ट्राला घरबसल्या, फुकट आणि खऱ्याखुऱ्या प्राइम टाइमला दाखवला.

तेव्हा समस्त ऐतिहासिक निर्मात्यांना एक विनंती. पुढचा जिवा महाला काढाल तेव्हा पहिला खेळ आंबवड्यात, उघड्या मैदानावर लावा. पडदा आणि मशीन तुमचं, सतरंज्या गावाच्या. भाजलेल्या शेंगा आम्ही देऊ, त्यावर जीएसटी लागणार नाही. आणि तरीही गर्दी झाली नाही, तर मराठी माणसाच्या नावाने खुशाल रडा.