तिथी गुणिले पाऊण

पाणी म्हटलं की ज्याला आधी टँकर आठवतो, अशा माणसाशी मी लग्न केलं आहे. नवरा माणदेशातला, व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. माझी मैत्रिणींच्या भागीदारीतली २३ फुटी शिडाची बोट. मुंबई बंदरातून मांडव्याला जावं, पुढेमागे मुरुडपर्यंत मजल मारावी, रात्री बोटीतच झोपावं, हा माझा बेत. त्याचं म्हणणं, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, गाडीसकट नेते, आत एसी आहे आणि चहा मिळतो. मुद्दा बिनतोड होता.

मी आधी शास्त्राचा मार्ग धरला. नवख्या माणसाला लाटेपेक्षा बोटीचं कलणं जास्त घाबरवतं. म्हणून त्याला समजावलं, की आमच्या बोटीच्या तळाला शिशाचं जड वजन आहे. बोट जितकी कलते, तितका शिडातला वारा निसटतो आणि खालचं शिसं तिला पुन्हा उभी करतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तळाला शिसं बांधून आपण समुद्रात उतरायचं?"

मग थोरामोठ्यांचे दाखले. नौदलाचे दिलीप दोंदे २००९ मध्ये 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन निघाले आणि २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. "एकटेच ना?" त्याने विचारलं. "म्हणजे दुसऱ्या माणसाची गरज नसते." मी 'तारिणी' काढली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा अधिकारी महिला त्या बोटीतून तशाच मोहिमेवर गेल्या होत्या. "सहा जणी," तो खुशीत म्हणाला, "आणि एकही नवरा बरोबर नाही!"

बोट लागेल ही धास्ती मात्र खरी होती, तिची थट्टा करण्यात अर्थ नव्हता. क्षितिजाकडे बघायचं, खाली केबिनमध्ये जायचं नाही, पोट रिकामं ठेवायचं नाही, आलेपाक चघळायचा. यातल्या शेवटच्या दोन सूचनांची त्याने घरबसल्या अंमलबजावणी सुरू केली. स्वच्छतागृहाची चौकशी झाली तेव्हा मी खरं ते सांगितलं. बादली. त्यावर तो काही बोलला नाही, पण संध्याकाळभर माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होता.

शेवटी त्याने करार मागितला. कागदावर, सहीनिशी. कलम एक : "परत फिरू" असं म्हणायचा अधिकार त्याला केव्हाही राहील आणि कारण विचारलं जाणार नाही. मी सही केली. बोटीवर चढून बोयाचा दोर सोडायच्या आधीच त्याने तो अधिकार वापरला. मी कारण विचारलं नाही. मुकाट्याने त्याला किनाऱ्यावर आणून वडापाव खायला घातला. माझ्या मते हा वडापाव सगळ्या शास्त्रापेक्षा कामी आला, कारण करार पाळला जातो हे त्याला कळलं.

तिथेच एक म्हातारे तांडेल जाळं विणत बसले होते. नवऱ्याने त्यांना विचारलं, भरती कधी येणार हे तुम्हाला कळतं कसं? ते म्हणाले, "साहेब, तिथीची पाऊणपट करा." चतुर्थी असेल तर तीन वाजता, एकादशी असेल तर सव्वाआठला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दिवसाचीही वेळ तीच, रात्रीचीही साधारण तीच. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सौम्य भरती.

घरी येऊन त्याने कालनिर्णय खाली उतरवलं. भरतीचं छापील वेळापत्रक मिळवलं, दोन्हींची पडताळणी केली आणि रात्री उशिरा मला उठवून सांगितलं, "तफावत आहे. वीस-पंचवीस मिनिटांची." एवढा आनंदी मी त्याला एकतीस जुलैच्या रात्रीही पाहिलेला नाही.

तेव्हापासून भरतीखातं त्याच्याकडे आहे. खातं आल्यावर बोटही आली. सकाळच्या मतलई वाऱ्यावर आम्ही आधी बंदरातल्या बंदरात फिरलो, दुपारी खारा वारा जोर धरायच्या आत परत. मी सुकाणू त्याच्या हाती दिलं. सुकाणू धरणाऱ्याला बोट सहसा लागत नाही, समोर बघण्यावाचून त्याला गत्यंतरच नसतं. एकदा बोट चांगली कलली. मी श्वास रोखून बघत होते. तो वही गुडघ्यात दाबून म्हणाला, "शिसं काम करतंय."

आता मांडव्याला जायचं कधी, हे मी ठरवत नाही. परवाच्या रविवारी नवमी होती. नवमी म्हणजे पावणेसातची भरती. ओहोटीबरोबर बाहेर पडायचं, तर घरातून साडेपाचला निघायला हवं, असा हुकूम सुटला. डिसेंबरातली पहाट, पांघरूण उबदार. मी म्हटलं, "मी परत फिरते. आणि कारण विचारायचं नाही, करार आहे."

त्याने कपाटातून कागद काढला, चष्मा लावला आणि कलम एक वाचून दाखवलं. अधिकार फक्त त्याला होता.