आठ एचपीचा फिल्टर

भोसरीत एम-3 स्क्रू आणायला गेलो आणि तोंडातून निघून गेलं, की फिल्टर बसवायचाय. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या गाडीचा?" गाडीचा नाही. "मग आरोचा? कॉम्प्रेसरचा?" म्हटलं, आवाजाचा. "सायलेन्सर पलीकडच्या गल्लीत."

चूक त्याची नाही. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे आवाज काढणारं एक, चाळणारं दुसरं, लहानमोठा करणारं तिसरं असे सुटे मॉड्यूल जमवायचे आणि वायरींनी जोडायचे. आमच्या कारखान्याच्या भाषेत कंट्रोल पॅनेल, फक्त त्यावर कुठलीच मशीन चालत नाही. चाळणारा तो फिल्टर. लो-पास असेल तर खालचे सूर जाऊ देतो, वरचे अडवतो. कुठून वर अडवायचं तो कटऑफ, त्या सीमेवरचे सूर फुगवणारा तो रेझोनन्स. चाकणचा तळेगाव चौक हेच काम सकाळ-संध्याकाळ फुकटात करतो: हळू असेल तोच पुढे सरकतो.

माझ्या रॅकमध्ये 8 एचपी जागा उरली होती. कँटीनमध्ये हे बोललो तर मेंटेनन्सवाला म्हणाला, "मग थ्री फेजच घे." इथला एचपी हॉर्सपॉवरचा नसून रुंदीचा, एक म्हणजे 5.08 मिलिमीटर, हे सांगेपर्यंत पोळी गार झाली.

शेवटी क्वालिटीच्या मामांना गाठलं. तीस वर्षं गेज हातात. त्यांच्यासमोर यादी ठेवली.

पहिला मूगचा, ट्रान्झिस्टरच्या शिडीचा. पेटंट 1969चं, चार पायऱ्या, ऑक्टेव्हला 24 डेसिबल उतार. गुण सांगितले, मग दोष: रेझोनन्स वाढवला की खर्ज पातळ होतो. मामा म्हणाले, "एक पॅरामीटर सेट केला की दुसरा आउट? रिजेक्ट." दुसरा 1978च्या कॉर्ग एमएस-20 मधला. रेझोनन्स चढवला की किंचाळतो. "सप्लायरकडून 8डी रिपोर्ट मागव." तिसरा स्टेट व्हेरिएबल: लो, बँड, हाय, तिन्ही आउटपुट एकदम, वागायला सज्जन. "हा पास. हाच घे."

त्याचे नमुने रात्री ऐकले. एचआरच्या भाषणासारखा वाटला. चुकत कुठेच नाही आणि नंतर आठवत काहीच नाही.

इथे मामांचं गणित बिघडतं. या धंद्यात लोक पैसे मोजतात ते रिजेक्टच्या लाल बिनमधल्या मालालाच. रोलंडची टीबी-303 आली 1981 मध्ये, एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ द्यायला. बेससारखी काही ती वाजली नाही आणि 1984 मध्ये बंद पडली. मग शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड उचलली आणि वाजत असतानाच तिच्या फिल्टरचे नॉब पिळले. 1987 च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या रेकॉर्डपासून त्या कुईकुईला संगीत म्हणतात.

पण पोरांच्या आधी आपल्या मुंबईत चरणजित सिंग नावाच्या सिनेमातल्या वादकाने 1982 मध्ये याच मशीनच्या साथीने, डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून ठेवले होते. रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातल्या जाणकारांनी तोंडात बोटं घातली.

मामांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे फायनल इन्स्पेक्शनला अठ्ठावीस वर्षं? आमच्याकडे अठ्ठावीस मिनिटं झाली तर लाईन थांबते."

मी शिडीवालाच मागवला. गुरुवारी, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या रविवारी, मामा स्वतःचा व्हर्नियर घेऊन घरी आले. आधी जागा मोजली, मग पॅनेल मोजलं, मग मान हलवली. मी चारही स्क्रू आवळले, इनपुटची वायर काढून टाकली आणि रेझोनन्स पूर्ण फिरवला. फिल्टर एकटाच शिट्टी घालायला लागला.

"इनपुट कुठाय?"

"नाही."

"आणि आउटपुट येतंय?"

"येतंय."

"प्रॉडक्शन मीटिंगला पाठव याला," असं म्हणून त्यांनी कटऑफचा नॉब दोन बोटांत धरला. शिट्टी खाली आली, वर गेली, मध्येच कुठेतरी थबकली. चहा दोनदा गरम केला. तिसऱ्यांदा घेऊन आलो तेव्हा मामांनी पॅनेलखाली मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला होता आणि त्यावर, तारीख घालून, सही करून, लिहिलं होतं: डेव्हिएशनवर पास.