वॅटची मिजास, रबराची भेग

दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरून व्हॅक्यूम क्लीनर उतरतो, घर डोक्यावर घेतो आणि सोफ्याखालचा केसही उचलत नाही. लगेच ठराव मंजूर: मोटर गेली, नवा आणा, या वेळी जास्त वॅटचा! वॅट सांगतात यंत्र वीज किती खातं ते. ओढतं किती, हा प्रश्न निराळा. युरोपीय संघाने 2014 साली घरगुती व्हॅक्यूमला 1600 वॅटची मर्यादा घातली, 2017 साली ती 900 वर आणली. तिथले गालिचे अजून साफ होतात म्हणे.

मोटर बिचारी बहुधा निर्दोष असते. पंखा हवा मागे फेकतो, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा सोप्यात सोप्या वाटेने आत घुसते. झाकणाचं रबर चिरलेलं असेल, किंवा पाइप मुठीपाशी वाकून वाकून फाटला असेल, तर सोफ्याखालून यायची तिला काय गरज?

निदान फुकट आहे. यंत्र चालू ठेवून पाइपचं तोंड तळहाताने दाबायचं. मोटरचा सूर चढला तर ठीक. नाही चढला तर पाइप काढून यंत्राचं तोंड दाबायचं: आता चढला, तर गळका पाइप, तरीही ढिम्म, तर संशय झाकणाच्या रबरावर.

फाटकं टोक कापून पाइप पुन्हा मुठीत बसवता येतो. रबराचं मात्र दुकानदार ठरवतो. ‘नुसतं रबर येत नाही साहेब, पूर्ण झाकण घ्यावं लागेल. तसं एक्स्चेंजमध्ये नवं मॉडेल आहे, दाखवू?’