टोकनराव

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर टोकनराव राहतात. हे नाव बारशातलं नव्हे. 2021 साली डिजिटल चित्रांच्या टोकनांना सोन्याचा भाव आला, तेव्हा ते चिकटलं. जिन्याखालच्या मांजरीचे फोटो काढून, कुठे तिला गॉगल, कुठे पुणेरी पगडी चढवून त्यांनी 1,000 टोकनं काढली. सहा खपली. चार त्यांनीच दुसऱ्या वॉलेटमधून घेतली, एक मेव्हण्याच्या गळ्यात मारलं, एक माझ्या.

"गिऱ्हाईक नाही असं कधी नसतं," दुधाची पिशवी हातात धरून ते जिन्यात मला सांगत होते, "पुरवठा चुकलेला असतो."

तेव्हापासून ते पुरवठा दुरुस्त करताहेत. क्रिप्टोकिटीज हे त्यांचं दैवत. 2017 च्या अखेरीस आलेल्या त्या खेळात दर पंधरा मिनिटांनी एक कोरं मांजर विक्रीला येई. आधीच्या पाच विक्रींची सरासरी काढायची, तिच्यात तिची निम्मी मिळवायची, की झाली सुरुवातीची बोली. "गिऱ्हाईक चढलं की भाव आपसूक चढला!" मी विचारलं, "पण विकलेल्या मांजरांना पुढे पिल्लं होत होती ना? ती कोण आवरणार?" टोकनरावांना एकदम दूध तापवायचं आठवलं.

2022 च्या अर्थसंकल्पात असल्या मालाच्या नफ्यावर 30 टक्के कर बसला, तोट्याची वजावटही नाही. लोक हळहळले, टोकनरावांनी पेढे वाटले. "सरकारनं दखल घेतली!" त्यांच्यावर कर भरायची पाळी अजून आलेली नाही.

पुढच्या वर्षी अझुकी नावाच्या टोकनवाल्यांनी आपल्या 10,000 चित्रांच्या मालिकेमागून आणखी 20,000 काढली. विक्रीला ठेवलेली बघता बघता उचलली गेली. पण तोंडवळा इतका सारखा, की जुन्या मालकांनी बोंब ठोकली आणि जुन्या चित्रांचे भाव गडगडले. टोकनराव हे घरी समजावत होते. वहिनी कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या, "म्हणजे पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी." टोकनराव म्हणाले, "विषय इतका सोपा नाही." पण रात्री त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मग त्यांनी उलटी बाजू धरली. टोकन जाळायचं, म्हणजे जिथून कुणालाच परत काढता येणार नाही अशा पत्त्यावर धाडून द्यायचं. "आज 500 जाळली!" त्यांनी हॉलमधून पुकारा केला, तशा वहिनी गॅस बघायला धावल्या. फ्रिजवर शिलकेची चिठ्ठी असते: 994, मग 494, मग 44. माल दुर्मिळ होत गेला. विचारणारा पहिल्यापासूनच दुर्मिळ होता.

गेल्या महिन्यात जिन्याखालच्या मूळ मांजरीनं पाच पिल्लं घातली. टोकनराव हबकले. "कुणाला न विचारता पाच?" पिल्लांचे डोळे उघडले, तशी पोरांची रांग लागली. वहिनींनी किराणाच्या यादीमागे नावं लिहून घेतली, दूध सुटल्यावर एकेक पिल्लू दिलं. तळमजल्यावरची दोन भावंडं एका पिल्लावरून हातघाईवर आली.

परवा टोकनराव बशीत दूध घेऊन खाली उतरले. खोकं रिकामं.

"एकही नाही उरलं?"

"संपली."

ते बराच वेळ खोक्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून वहिनींना म्हणाले, "पुढच्या खेपेला माझं नाव व्हाइटलिस्टमध्ये घाल हं."