पडद्याआडचं खटलं

जालन्यातल्या आमच्या घरात माणसं तीन. टेबलावरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये मात्र खटलं मोठं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, नव्या विंडोजनं आमच्या यंत्राला वयावरून नाकारलं, आणि इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्यानं त्यावर लिनक्स चढवलं. पडदा असा स्वच्छ की आत कुणी राहत असेल असं वाटू नये. मग त्यानं एक कमांड दिली आणि मागे राबणाऱ्या सेवांची यादी सरसरत वर गेली.

ब्लूटूथवाली सेवा कान टवकारून बसलेली. घरात ब्लूटूथचं उपकरण नाही. एकजण मोडेम हुडकतोय, दुसरा प्रिंटर. क्रॉन दर मिनिटाला उठतो, काम आहे का बघतो, नसलं की पुन्हा आडवा. (अशी नोकरी मी आयुष्यभर शोधली.)

"हे रिकामटेकडे काढून टाक," मी म्हणालो.

"काढतो, मामा. पण कुणी हाक मारली की परत येतील."

खरंच, छपाईची सेवा थांबवली तरी तिचं सॉकेट दारात उभंच होतं. 'प्रिंट' म्हटलं की बाई हजर!

या साऱ्यांचा कारभारी सिस्टमडी. २०१० साली लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी तो आणला. संगणकात याचा नंबर पहिला, आईबाप गेलेल्या प्रक्रियाही हाच पदरात घेतो. एवढा कारभार एकाच्या हाती गेल्यावर भावकी गप्प बसते होय? डेबियन या लिनक्सच्याच घराण्यातल्या काहींनी वेगळी चूल मांडून 'देवुआन' काढलं.

सुरू होताना कोणी किती वेळ खाल्ला, हे सांगणारी त्याची कमांड आहे: 'ब्लेम'. आमच्याकडे हे काम तोंडीच चालतं. आमच्या यंत्रात पहिला नंबर नेटवर्कची वाट पाहणाऱ्या सेवेचा. लाइट गेलेली, संगणक इन्व्हर्टरवर, राउटर मेलेला. आणि ही नळाच्या पाण्याची वाट बघावी तशी बसून. मात्र मिनिटभरात आशा सोडते. जालन्याची नसणार.

खरी गंमत बंद करताना. कारभारी आधी सगळ्यांना 'सिगटर्म' पाठवतो, म्हणजे आवरा आता. बाकीच्या आवरतात, एखादी ठाण मांडते. तिला दीड मिनिटाची मुदत! इकडे इन्व्हर्टर टुंटुं करत आचके देतोय, आणि पडद्यावर लाल चांदण्या येरझारा घालतायत. त्यानंतर 'सिगकिल', त्यावर सुनावणी नाही.

"अरे, आपल्या जांबचा नारायण 'सावधान' ऐकताच मांडवातून पळाला, असं सांगतात," मी म्हणालो. "यांना तेवढं शिकवता येत नाही?"

भाच्यानं एका फाइलीत मुदत दीड मिनिटाची पंधरा सेकंद केली.

"शिकल्या?"

"शिकल्या नाहीत, मामा. आता लवकर मरतील."