गाडी उभीच आहे

नव्या स्टिरिओला हँडब्रेकची एक वायर असते. गाडी उभी असेल तरच पडद्यावर सिनेमा दिसावा, हा कंपनीचा संकुचित विचार. आपले कारागीर उदार. ते ही वायर सरळ गाडीच्या बॉडीला जोडून अर्थिंग करून टाकतात आणि गाडी, निदान स्टिरिओच्या लेखी, कायमची उभी राहते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर, समोर दहा इंची पडदा, त्यात मालिकेतल्या सासूबाई, तरी उभीच. हीच सोय स्पीडोमीटरलाही मिळायला हवी. पुढच्या ट्रकला धडक बसलीच, तर विम्याच्या अर्जात निर्धास्त लिहावं : आमची गाडी उभी होती, ट्रकच रिव्हर्स आला. पुरावा डॅशबोर्डमागे जोडला आहे.